होडीत जादा पेट्रोल कशात न्यावं? आधी ते ओतणार कसं, ते ठरवा

तुमचा प्रश्न असा: १४ फुटांची उघडी फायबरची होडी, मागच्या काठावर बाहेरून बसवलेलं १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड), त्याला जोडलेली १२ लिटरची सुटी टाकी. लांबच्या फेरीला ती पुरत नाही, म्हणून आणखी २० लिटर सोबत ठेवायचंय. घरात पाण्याचा २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन पडून आहे, तो चालेल का? नाहीतर लष्करी छापाचा पत्र्याचा जेरीकॅन घ्यावा? की पेट्रोलसाठी म्हणून वेगळा विकतात तो जाड प्लास्टिकचा?

पाण्याचा कॅन अजिबात नाही. बाकी दोन्ही चालतील, पण तुमच्या होडीसाठी मी त्यांतलं एकही आधी सुचवणार नाही. उत्तर जरा लांबणार आहे, कारण डबा कुठला हे ठरवण्याआधी तो हलत्या होडीत उघडायचा कसा, हे ठरायला हवं.

छोट्या होड्या आणि आउटबोर्ड इंजिनं यांच्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. पेट्रोलचे जे बाके प्रसंग पाहिले, त्यांतले बहुतेक डबा फुटून घडलेले नव्हते. ओतताना घडलेले होते. एक तर माझाच. सुरुवातीच्या दिवसांत किनारा बराच लांब असताना टाकी संपली. सोबत २० लिटरचा भरलेला कॅन होता, नरसाळं होतं, तयारी पूर्ण आहे अशी माझी समजूत होती. २० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण १५ किलो, वर कॅनचं वजन. गुडघे आडव्या फळीला टेकवून तो उचलला आणि ओतायला लागलो. इंजिन बंद पडलं की होडी लाटेला आडवी होते हे मला माहीत होतं, त्या क्षणी आठवलं नाही एवढंच. एका लाटेला नरसाळं एकीकडे गेलं, धार दुसरीकडे. लिटरभर तरी होडीत सांडलं आणि तळातल्या पाण्यावर पसरलं. शेजारी दिव्यांची बॅटरी, तिच्या एका वायरीचं टोक सैल. काही झालं नाही. पण पुढचा पाऊण तास आम्ही दोघं स्पंजने तळ टिपत बसलो होतो, आणि त्यानंतरही इंजिनची दोरी ओढायला दोघांपैकी कुणाचा हात पुढे येईना.

लिटरभर म्हणजे किती, याचा हिशेब करून ठेवा. लिटरभर पेट्रोल पूर्ण उडालं तर त्याची १५० ते २०० लिटर वाफ होते. हवेत या वाफेचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेलं की फार दाट झाल्याने पेटत नाही. म्हणजे अर्धा कप पेट्रोलसुद्धा घनमीटरभर हवा पेटती करायला पुरे. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उतरत जाऊन तळात साचते. तुमची होडी उघडी आहे हे चांगलंच, पण तिला काठ आहेत; वारा पडलेला असला तर वाफ त्या काठांच्या आत बसून राहते. थंडी असली म्हणूनही सुटका नाही, कारण उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतं. डिझेलला त्यासाठी ५० अंशांच्या वर तापावं लागतं. डिझेलच्या बोटीवर काम केलेली माणसं पेट्रोल फार सैल हाताने हाताळतात, ते यामुळेच.

तेव्हा माझा ठोकताळा असा: राखीव पेट्रोल अशा भांड्यात न्यावं, जे पाण्यावर असताना उघडावंच लागू नये.

असं भांडं तुमच्याकडे आधीच आहे. तुमची १२ लिटरची सुटी टाकी. तिच्यात तळापर्यंत जाणारी शोषनळी आहे, त्या नळीच्या टोकाला जाळी आहे, वर होसचं कनेक्टर आहे, झाकणात हवेचा स्क्रू आहे. अशी दुसरी टाकी घेतलीत की समुद्रात ओतायचं कामच उरत नाही. एक संपली, की होस काढून दुसरीला लावायचा, होसवरचा रबरी फुगा (प्रायमर) घट्ट होईपर्यंत दाबायचा, इंजिन सुरू. अर्ध्या मिनिटाचं काम, सांडलेच तर दोन-चार थेंब. मी तुमच्या जागी असतो तर २५ लिटरची एक टाकी घेऊन ती मुख्य केली असती आणि जुनी १२ लिटरची राखीव ठेवली असती. एकूण ३७ लिटर होतात, म्हणजे तुम्ही म्हणताय त्याहून जास्तच, आणि कॅन, नरसाळं यांतलं काही लागत नाही. आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. एका टाकीत पाणी किंवा कचरा आला तर दुसरी स्वच्छ असते. कॅनमधून ओतलं, तर टाकीतली घाण आहे तिथेच राहते.

यात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, कनेक्टर. वेगवेगळ्या इंजिन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांना लागत नाहीत, आणि एकसारखे दिसणारेही कधीकधी नीट बसत नाहीत. नवी टाकी घरी आणली की किनाऱ्यावरच तिच्यावर इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून बघा. आतली रबरी रिंग खराब असेल तर पेट्रोल गळताना दिसणार नाही, उलट होसमध्ये हवा ओढली जाईल आणि इंजिन गचके खात बंद पडेल. दुसरी गोष्ट, झाकणावरचा हवेचा स्क्रू. इंजिन चालू असताना तो उघडा हवा, ठेवताना आणि नेताना बंद. राखीव टाकी जोडली आणि स्क्रू उघडायला विसरलात, तर दहा-पंधरा मिनिटं सगळं छान चालतं, मग टाकी आत ओढली जाते आणि इंजिन मरतं. मग माणूस प्लग काढतो, फिल्टर उघडतो, देवाचं नाव घेतो. कितीतरी ‘बंद पडलेली’ इंजिनं मी फक्त तो स्क्रू फिरवून चालू केली आहेत.

नव्या धाटणीच्या टाक्यांत हा स्क्रू नसतो. त्या हवा आपोआप आत घेतात, पण वाफ बाहेर सोडत नाहीत. अमेरिकेत २०११ पासून बनणाऱ्या सुट्या टाक्यांना ३४.५ किलोपास्कल, म्हणजे ५ पीएसआय दाबापर्यंत बंद राहावं लागतं. हेतू चांगला आहे, वाफ हवेत जाऊ नये. पण अशी टाकी उन्हात चेंडूसारखी फुगते, आणि होस जोडलेला असेल तर तो दाब पेट्रोलला फुग्यातून पुढे इंजिनात ढकलतो. इंजिन ओव्हरफ्लो होतं, कधी आवरणाखाली पेट्रोल साचतं. म्हणून होडी उभी केली की होस टाकीकडूनही आणि इंजिनाकडूनही सोडवायचा. तापलेली टाकी जोडण्यापूर्वी झाकणावर फडकं धरून हळूहळू सैल करायची, दाब फुस्स करून जाऊ द्यायचा आणि मगच जोडायची. हेही उघडणंच आहे खरं, पण पेट्रोल ओतण्याइतकं धोक्याचं नाही. वारा अंगावरून बाहेर जाईल असं बसून करा.

आता २० लिटर तरी कशाला, हे एकदा तपासा. १५ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला ताशी साडेपाच ते सहा लिटर पितं, म्हणजे १२ लिटरची टाकी दोन तास. थ्रॉटल थोडा कमी केला तर आकडा बराच उतरतो. किती, ते दोन-तीन फेऱ्यांत मोजून कागदावर लिहा. जुना हिशेब असा आहे की एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हाताशी. वारा आणि प्रवाह येताना उलटे झाले तर तो शेवटचा तिसरा हिस्साच कामी येतो. हिशेबात २४ लिटर पुरेसे निघाले तर ४० नेऊ नका. छोट्या होडीत जादा पेट्रोल हे मागच्या टोकावर ठेवलेलं जादा वजनही असतं.

इतकं सांगूनही तुम्हाला कॅनच हवा असेल, किंवा फेरीच इतकी लांब असेल की दोन टाक्यांनी भागणार नाही, तर आता डब्यांकडे वळतो.

पाण्याचा कॅन का नको? त्याच्या भिंती पातळ असतात, आणि झाकणातली चकती किंवा वायसर पाण्यासाठी केलेला असतो. पेट्रोल लागलं की तो फुगतो, मऊ पडतो, चुरगळतो. कॅन उभा असताना काही दिसत नाही. आडवा झाला की आट्यांमधून पाझर सुरू. पण माझ्या दृष्टीने याहून मोठं कारण निराळं आहे. होडीत पिण्याचं पाणीही तसल्याच कॅनमध्ये असतं. अंधारात, घाईत, तहानेने कासावीस झालेला माणूस हाताला लागेल तो कॅन तोंडाला लावतो, आणि लहान मूल तर भरदिवसाही लावेल. पेट्रोलचा घोट पोटापेक्षा फुप्फुसाला घातक. ठसका लागून थोडंसं आत गेलं तरी न्यूमोनिया होतो. त्यामुळे पाण्याच्या किंवा खाण्यापिण्याच्या कुठल्याही भांड्यात पेट्रोल ठेवायचं नाही, ‘एकाच फेरीपुरतं’ म्हणूनही नाही. काचेच्या बाटलीबद्दल बोलायला नको.

पत्र्याच्या जेरीकॅनबद्दल मला प्रेम आहे, ते आधी कबूल करतो. १९३७ च्या सुमारास जर्मनीत घडवलेली ही वस्तू जवळजवळ न बदलता आजवर चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडे पातळ पत्र्याचे डबे होते, वाळवंटात ते जागोजागी गळत. शत्रूचे हे कॅन हाती लागले तेव्हा त्यांनी तेच वापरायला सुरुवात केली, मग नक्कल केली. ‘जेरी’ हे जर्मनांना ठेवलेलं टोपणनाव कॅनला चिकटलं. तीन दांड्या अशासाठी की मधली धरून एकट्याने न्यावा, बाजूच्या धरून दोघांनी. आणि रिकामे असले तर शेजारशेजारच्या दांड्या एकत्र धरून एका हातात दोन. वरच्या कुबडात हवेची जागा राहते, त्यामुळे भरलेला कॅनही पाण्यात तरंगतो. खटक्याचं झाकण हातमोज्यांनीही उघडतं. चांगलं वायसर असेल तर तो डोक्यावर उलटा केला तरी थेंब गळत नाही.

पण खारं पाणी आणि पत्रा यांचं जमत नाही. कॅन होडीच्या तळात ओल्यावर उभा राहतो, घासतो, रंग उडतो आणि गंज खालच्या कडेने, जिथे तुम्ही कधी बघत नाही तिथून लागतो. आतून अस्तराचा लेप असतो, तो पोचा आल्यावर तडकतो आणि त्याचे कपचे फिल्टरमध्ये सापडतात. आउटबोर्डच्या फिल्टरमध्ये तपकिरी पूड आली की मी पहिला प्रश्न विचारतो: पत्र्याचा कॅन वापरता का? गोड्या पाण्यात, कोरड्या रबरी चटईवर, वर्षातून एकदा आतून विजेरीने तपासून वापरणार असाल तर बेलाशक घ्या. खाऱ्या पाण्यातल्या १४ फुटी उघड्या होडीत मी घेत नाही. ॲल्युमिनियमचेही नकोत, खाऱ्या पाण्यात दुसऱ्या धातूला टेकून राहिले की त्यांना खड्डे पडतात.

राहिला जाड प्लास्टिकचा, पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन. हा एचडीपीई म्हणजे दाट पॉलिथिनचा असतो. गंजत नाही, आपटला तर पोचा येऊन परत फुगतो, भरून घट्ट बंद केलेला पाण्यात तरंगतो. घेताना रंगाला भुलू नका. लाल म्हणजे पेट्रोल हा संकेत बऱ्याच ठिकाणी आहे, सगळीकडे नाही. काही देशांत पेट्रोलला हिरवा कॅन असतो. कॅनवर उठावदार अक्षरांत काय कोरलंय ते वाचा. धोकादायक माल नेण्यासाठी तपासलेल्या कॅनवर संयुक्त राष्ट्रांची खूण असते: वर्तुळात एकाखाली एक यू आणि एन ही इंग्रजी अक्षरं, आणि पुढे आकडे-अक्षरांची ओळ. तिची सुरुवात ‘३एच१’ अशी असेल तर ३ म्हणजे जेरीकॅन, एच म्हणजे प्लास्टिक, १ म्हणजे माथा सुटा न होणारा. पत्र्याच्या कॅनवर ‘३ए१’ असतं. त्यानंतरचं अक्षर महत्त्वाचं. एक्स किंवा वाय असेल तर पेट्रोलला चालतो, झेड असेल तर नाही. पेट्रोल मधल्या धोक्याच्या गटात मोडतं आणि झेड फक्त सर्वांत सौम्य गटासाठी असतो. शेजारी किंवा तळाला घड्याळासारखं छोटं वर्तुळ सापडेल, त्यातला बाण बनवल्याचा महिना दाखवतो, आत वर्ष असतं. धोकादायक माल वाहण्याच्या नियमांत प्लास्टिकच्या जेरीकॅनचं आयुष्य बनवल्यापासून ५ वर्षं धरतात. तुम्ही काही माल वाहतूक करत नाही, पण होडीतल्या उन्हात मीही त्याच्या पलीकडे जात नाही. पाच वर्षांपूर्वीही रंग फिकट, पांढुरका झाला किंवा दांडीच्या मुळाशी केसासारख्या रेघा दिसल्या, की कॅन बाद. तो इतर कामाला ठेवतो असं म्हणू नका. दोन महिन्यांनी कुणीतरी त्यात पुन्हा पेट्रोल भरतंच.

गळत नसतानाही पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार बरेच जण करतात. साध्या पॉलिथिनच्या भिंतीतून पेट्रोल अगदी हळूहळू झिरपत बाहेर पडतं, त्याचा हा वास. अमेरिकेत २००९ पासून बनणाऱ्या पेट्रोल कॅनवर याची मर्यादा घातली आहे: गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅम. त्यामुळे आताच्या चांगल्या कॅनना आतून प्रक्रिया केलेली असते किंवा भिंत अनेक थरांची असते. उघड्या होडीत हा फार मोठा मुद्दा नाही, पण छोटी केबिन असलेल्यांनी जुना कॅन आत ठेवू नये याचं हे एक चांगलं कारण.

आकार १० लिटरचा घ्या. हवे तर दोन घ्या. १० लिटर म्हणजे साडेसात किलो. बसल्या जागेवरून, एक हात काठावर ठेवून तो हाताळता येतो. २० चा कॅन बसून उचलता येत नाही, आणि छोट्या होडीत उभं राहून ओतणं म्हणजे पेट्रोल आणि स्वतः दोघांनाही पाण्यात पाठवायची तयारी. ब्रिटनच्या २०१४ च्या नियमांत प्लास्टिकच्या कॅनला १० लिटर, धातूच्या कॅनला २० आणि बोटीतून काढता येणाऱ्या टाकीला ३० लिटर अशी कमाल मर्यादा आहे. या तीन आकड्यांचा क्रम मला पटतो. तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकतो, तो मात्र बघून घ्या.

तोटीबद्दल एक वैतागाची गोष्ट. आताच्या बऱ्याच कॅनना स्प्रिंगची, आपोआप बंद होणारी तोटी येते. ती दाबून धरावी लागते, हवा त्याच तोटीतून आत जाते, म्हणून धार गचके देत येते आणि शेवटी मनगटावरून ओघळते. लोक वैतागून ती काढून टाकतात आणि बागेच्या पाइपचा तुकडा खोचतात. तसं करू नका. पण कॅन घेतल्यावर आधी त्यात पाणी भरून तुमच्या टाकीत ओतून बघा. तोटी टाकीच्या तोंडात नीट बसते का, कितपत उचलावं लागतं, थांबवलं की किती ठिबकतं. जमलं नाही तर तो कॅन बदला. नंतर कॅन आणि टाकी दोन्ही पूर्ण वाळवायची, हे सांगायला नकोच. कॅनच्या तोंडात बारीक जाळी दिसेल, ती कचऱ्यासाठी नाही. बाहेरची ज्वाला आत शिरू नये म्हणून आहे; अमेरिकेत २०२० च्या कायद्याने तशी सोय कॅनमध्ये असणं बंधनकारक झालं. ती उपटून ओतण्याचा वेग वाढवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

ओतण्याहून बरी युक्ती म्हणजे हलवून चालू करायची सायफन नळी. तिच्या एका टोकाला आत गोळी असलेलं धातूचं तोंड असतं. कॅन आडव्या फळीवर, टाकी खाली; धातूचं टोक कॅनमध्ये बुडवून चार-पाच वेळा वरखाली झटकलं की धार सुरू होते, थांबवायची तर ते टोक पेट्रोलच्या वर उचलायचं. काही उचलावं लागत नाही, कॅन पट्ट्याने बांधलेला असतानाही चालतं. दुसरं टोक टाकीत तळापर्यंत घाला, वरून धार सोडू नका. तोंडाने ओढून सायफन चालू करण्याची जुनी सवय असेल तर ती आजच सोडा; कारण वर सांगितलंच.

भरणं. कॅन आणि सुट्या टाक्या होडीत ठेवून कधीही भरायच्या नाहीत. बाहेर काढून जमिनीवर ठेवायच्या आणि नोझलचा धातू तोंडाला टेकलेला ठेवून सावकाश भरायच्या. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज तयार होते. कॅन जमिनीवर असला तर ती निघून जायला वाट मिळते. प्लास्टिकच्या चटईवर, गाडीच्या डिकीतल्या गालिच्यावर किंवा फायबरच्या होडीत असला तर ती साचून राहते आणि ठिणगी नेमकी तोंडाशी, वाफेत पडते. पेट्रोल पंपावर लोक मोबाईलच्या नावाने घाबरतात आणि कॅन मात्र डिकीतल्या गालिच्यावरच भरतात. काठोकाठ भरू नका. तापमान २० अंशांनी वाढलं तर २० लिटर पेट्रोल सुमारे ४०० मिलिलिटर फुगतं. वर हवेची जागा नसेल तर ते वायसरमधून वाट काढणारच. दहाला साडेनऊ लिटर पुरे.

ठेवायचं कुठे? उघड्यावर, उभं, सावलीत आणि घट्ट बांधून. झाकणबंद कप्प्यात नको, बॅटरीजवळ नको, स्टोव्ह असेल तर त्याच्या आसपासही नको. तुमच्या होडीत इंजिन मागे, माणूस मागे. राखीव टाकीही मागेच ठेवली तर मागचं टोक बसतं आणि मागून येणारी लाट आत यायला बघते. ती मधल्या फळीखाली ठेवा, हवा तर होस लांब घ्या. अगदी पुढेही नको, तिथे आदळआपट सर्वांत जास्त. खाली रबराचा तुकडा आणि दोन बाजूंनी पट्टा, नुसती एक दोरी दांडीतून ओवून भागत नाही. लाटेवर कॅन त्या दोरीभोवती फिरतो आणि फायबरवर घासून भिंत पातळ करतो. वरून पांढरं कापड टाकलं तरी उन्हाचा बराच ताप वाचतो.

लवचीक पिशव्यांबद्दलही विचारतात. पेट्रोलसाठीच बनवलेली जाड पिशवी रिकामी झाली की गुंडाळून ठेवता येते, हा तिचा गुण. पण तळाला घासून झिजते आणि भरलेली असताना आतलं पेट्रोल डचमळत राहतं. १४ फुटांत तिचं काम नाही.

साठवणीबद्दल थोडं. राखीव पेट्रोल वापरलंच जात नाही आणि वर्षभर तसंच पडून राहतं, हा नेहमीचा घोळ. अडचणीच्या दिवशी बाहेर काढावं तर त्याला वार्निशाचा वास. इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतली ओलही घेतं. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये अर्धा टक्का पाणी जमलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर धरतात, आणि शोषनळी नेमकी तळातूनच ओढते. त्या थरावर इंजिन चालत नाही. मी टाक्यांवर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख लिहितो आणि दर फेरीला त्यांची अदलाबदल करतो: गेल्या वेळची राखीव आज मुख्य. हंगाम संपला की उरलेलं दोन-तीन महिन्यांच्या आत गाडीत संपवतो. टू-स्ट्रोक इंजिन असणाऱ्यांनी तर तेल मिसळलेलं आणि न मिसळलेलं पेट्रोल एकसारख्या डब्यांत ठेवूच नये. ५० ला १ प्रमाण म्हणजे लिटरला २० मिलिलिटर तेल. ‘मिसळलेलं’ असं डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून टाकावं.

पाण्यावर असताना ओतावंच लागलं, तर इंजिन थंड होऊ द्या. आडोसा मिळत असेल तर तिथे नांगर टाका, नसेल तर होडीचं तोंड लाटेकडे राहील अशी पुढून नांगराची दोरी किंवा बादली सोडा. सगळे दिवे-स्विच बंद, विडी-सिगारेट कुणाच्या हातात नको, टाकीच्या तोंडाभोवती जुना मोजा किंवा फडकं गुंडाळलेलं. सांडलं तर टिपा, साबण टाकून पाण्यात सोडू नका. टिपलेलं फडकं कप्प्यात कोंबायचं नाही, काठावर वाऱ्यात बांधायचं. तळ वाकून हुंगा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका. आगीसाठी ड्राय पावडरचं सिलिंडर हाताच्या अंतरावर, पण पेट्रोलच्या शेजारी नको; आग लागेल तिथेच ते अडकून पडतं. पेटत्या पेट्रोलवर पाणी मारलं तर आग नुसती पसरते.

रिकामा कॅन हा भरलेल्यापेक्षा निरुपद्रवी वाटतो, तिथेही चूक होते. भरलेल्या कॅनमधली वाफ सहसा पेटायला फार दाट असते. जवळजवळ वाळलेल्या कॅनमध्ये ती हवेशी बरोबर त्या धोक्याच्या प्रमाणात मिसळलेली असू शकते. तेव्हा रिकाम्याचंही झाकण घट्ट, जागा उघड्यावरच.

खरेदीचं म्हणाल तर २५ लिटरची एक टाकी, तुमच्याच इंजिनाच्या कनेक्टरची. कनेक्टरच्या दोन जादा रबरी रिंगा आणि झाकणाचं एक जादा वायसर. ते वायसर दरवर्षी बदला. टाकी आणल्यावर अर्धी पाण्याने भरा, स्क्रू बंद करा आणि रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. सकाळी कागद कोरडा असला तर टाकी पूर्ण वाळवून पेट्रोल भरा. ओला असला तर परत दुकानात.